बाईंचं चिकन सॅलड

बाई गेल्या. शेवटची काही वर्षं त्या नगरला भाच्याकडे राहत होत्या. बातमी फोनवर आली आणि मी पोचेपर्यंत सगळं उरकलंही होतं. परतीच्या गाडीत मी त्यांचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होते, पण येत राहिला तो आवाज. जिन्याच्या तळातून वर येणारा, थोडा घोगरा: "अगं, दूध उतू चाललंय!" आणि दूध खरोखरच उतू चाललेलं असायचं. वरच्या मजल्यावरचं दूध खाली बसून बाईंना कसं कळायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या आमच्या घरमालकीण. गाझियाबादला नवी वसाहत उभी राहत होती तेव्हाची गोष्ट. गव्हाच्या शेतांत चार-चार मजली इमारती उगवत होत्या, गच्च्यांवर केबलच्या तबकड्या बसत होत्या, आणि रस्ते मात्र अजून यायचे होते. माझ्या नवऱ्याला नोएडात एका नव्या कंप्युटर कंपनीत नोकरी लागली होती. मी दिल्लीत एका सरकारी ग्रंथालयात होते. आम्ही पहाडगंजात एका खोलीत राहायचो आणि रविवारी घरं बघत हिंडायचो. प्रत्येक घरमालक पहिला प्रश्न एकच विचारी, "वेज हो या नॉन-वेज?"

बाईंनी तो विचारला नाही. आमचं नाव-गाव ऐकून घेतलं, आम्ही मराठी आहोत याचा आनंद अजिबात दाखवला नाही, आणि म्हणाल्या, "तुमचं आत्ताचं स्वयंपाकघर बघायला येते." पुढच्या रविवारी त्या खरोखरच आल्या. उन्हात, रिक्षानं, काळी छत्री घेऊन. खुर्चीवर बसल्या नाहीत. थेट ओट्यापाशी गेल्या, भांडी पुसायचं फडकं उचललं आणि नाकाशी धरलं.

"हे कधी उकळलं होतं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं खिडकीबाहेर पाहिलं.

"घर देते," बाई म्हणाल्या. "पण हे इथंच टाकून या."

बाई एका मोठ्या सरकारी इस्पितळाच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख होत्या. आहारशास्त्र शिकलेल्या, नगरच्या ख्रिस्ती. यजमान रेल्वेत होते, ते लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी हे दोन मजली घर बांधलं आणि इस्पितळ त्यात आणून ठेवलं. त्यांच्या घरात मांसासाठी वेगळी फळी होती, भाजीसाठी वेगळी, आणि दोन्ही उन्हात वेगवेगळ्या भिंतींना टेकून उभ्या असायच्या. हात धुताना त्या चौदाचा पाढा म्हणायच्या. मोठ्यानं, पूर्ण. चौदा दाहे एकशेचाळीस झाल्याशिवाय नळ बंद व्हायचा नाही. त्यांच्याकडे जेवायला बोलावलेल्या माणसालाही हे करावं लागे. नवऱ्याचे एक साहेब एकदा बाईंना भेटायला खाली गेले आणि चौदा सत्ते अठ्ठ्याण्णवला अडकले. बाईंनी त्यांना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

टीव्हीशी त्या भांडायच्या. तेव्हा केबलवर रोज नव्या वस्तूंच्या जाहिराती यायच्या. गोबरं बाळ, पांढरी भुकटी, हसणारी आई. "खोटं बोलतेय ही," बाई टीव्हीला सांगायच्या. "त्या मुलाचे दात बघा. ते दीड वर्षाचं आहे आणि घरी पोळी खातं."

त्यांचं हिंदी दिल्लीत इतकी वर्षं काढूनही नगरचंच राहिलं होतं. कोंबडीवाल्याकडे त्या स्वतःचा स्टीलचा डबा घेऊन जायच्या आणि रांग मोडून पुढे उभ्या राहायच्या. "भैया, हमारी मुर्गी पहिले. पहिले सुरी धुवो. ऐसा नहीं, वरून पाणी ओतो, गरम!" कोंबडीवाला हात जोडून म्हणायचा, "अम्मा, आप अस्पताल यहीं खोल लो, मैं कंपाउंडर बन जाता हूँ." सुरी मात्र धुवायचा.

होळीच्या सुमाराला मला मुलगी झाली. बाळंतपणासाठी साताऱ्याहून सासूबाई आल्या आणि बाळासाठी राहिल्या. आमचं जे अडलं, ते बाळाच्या पहिल्या घासाशी अडलं. उष्टावण मामाच्या हातून व्हायचं असतं. माझा एकुलता धाकटा भाऊ त्याच वर्षी कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला गेला होता. गणपतीत येतो म्हणाला. मग दसऱ्याला म्हणाला. मग म्हणाला, भाऊबीजेला नक्की.

"थांबू या की," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या माहेरचा मान आहे तो. मी माझ्या हातानं डावलायचा का?"

त्या असं बोलल्यावर मी काय म्हणणार? सासू माहेरचा मान राखते आहे आणि सूनच म्हणते आहे, नको राखू? नवरा संध्याकाळी चार्टर्ड बसमधून उतरायचा आणि दोघींनाही "बिल्कुल" म्हणायचा. आम्ही वाट पाहत राहिलो आणि मुलगी दुधावर राहिली. सहावा महिना गेला, सातवा गेला. ती किरकिरी झाली. तिच्या पापण्यांच्या आतली बाजू पांढुरकी दिसायला लागली. डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर वजन पुढे सरकेना.

"बच्ची पीली पड़ रही है," त्या मला म्हणाल्या. "खाली दूध से अब नहीं चलेगा. दाल, अंडा, चिकन, सब शुरू करो. किसका इंतज़ार है?"

मामाचा, असं मला सांगता आलं नाही. त्यांनी लोहाचे थेंब लिहून दिले. मी ते सुरू केले, आणि थेंब म्हणजे काही घास नव्हे, असं मनाला समजावलं.

आमच्या घरात हे चाललंय हे बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते दोरीवर वाचलं. एका सकाळी त्या धापा टाकत वर आल्या. वाळत घातलेलं एक लाळेरं त्यांच्या हातात होतं.

"हे पांढरं का?"

"धुतलंय ना, बाई."

"धुतलेल्यावरही गाजराचा डाग राहतो. पालकाचा राहतो. आठ महिन्यांचं मूल आहे घरात आणि एकही लाळेरं डागाळलेलं नाही. काय खाते ती?"

"अजून उष्टावण व्हायचंय," मी म्हणाले.

"कधी?"

"मामा आला की."

"कुठाय मामा?"

"अमेरिकेत."

"मग ही काय अमेरिकेला जाऊन जेवणार आहे?"

सासूबाई आतून बाहेर आल्या. त्यांनी पदर नीट केला आणि शांतपणे म्हणाल्या, "बाई, दिवाळी तोंडावर आलीय. आमच्यात ही रीत आहे."

बाई सासूबाईंकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता इस्पितळाचा आवाज निघणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊबीजेपर्यंत. त्यानंतर एक दिवस नाही, आजी." लाळेरं त्यांनी घडी घालून कठड्यावर ठेवलं आणि खाली गेल्या.

भाऊबीजेच्या सकाळी फोन आला. घरात फोन नुकताच लागला होता आणि परदेशातून कॉल आला की सगळेच ओरडून बोलायचे. "ताई, प्रोजेक्ट वाढलं गं. सुट्टीच देत नाहीयेत. मी काय करू यार? फेब्रुवारीत येतो, शंभर टक्के." मी बरं म्हणाले. रिसीव्हर ठेवल्यावर बाहेरच्या खोलीत गेले. तिथं पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी होती, तबकात निरांजन होतं आणि चांदीच्या वाटीत खीर. सासूबाईंनी सगळं पहाटे उठून केलं होतं. माझ्याकडे बघूनच त्यांना कळलं. त्यांनी निरांजन विझवलं नाही, पण तबक खाली ठेवलं.

जिन्यावर पावलं वाजली. बाई आल्या. रविवारी चर्चला नेसायच्या ती करड्या काठाची साडी नेसून. एका हातात झाकलेली वाटी. त्यांनी रिकामा पाट पाहिला, आम्हाला पाहिलं, चपला काढल्या आणि गुडघ्यांवर हात टेकत टेकत त्या पाटावर बसल्या.

"ओवाळ," त्या मला म्हणाल्या.

"बाई..."

"तुझा भाऊ नाही आला. मी आलेय. ओवाळ मला, म्हणजे मी मामा. तुमच्या रीतीत बसतं की नाही ते नंतर भांडू. मूल भुकेलंय."

नवऱ्याच्या कडेवर मुलगी तबकातल्या ज्योतीकडे टक लावून बघत होती. मी सासूबाईंकडे पाहिलं. बाई विधवा, ख्रिस्ती, आणि बाईमाणूस. भाऊबीजेच्या पाटावर न चालणाऱ्या सगळ्याच गोष्टी त्या पाटावर बसल्या होत्या. मला वाटलं, सासूबाई उठून आत जातील.

त्या उठल्या. तबक उचललं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आधी टिळा लाव. भाऊ म्हणून बसल्यात ना? मग भावाला टिळा असतो."

मी बाईंच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. बाई ताठ बसल्या होत्या, फोटो काढून घेताना माणसं बसतात तशा. मग त्यांनी मुलीला मांडीवर घेतलं. सासूबाईंनी खिरीची वाटी पुढे केली.

"साखर आहे. नको," बाई म्हणाल्या.

"शकुनापुरतं तरी," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी खिरीत बोटाचं टोक बुडवलं, मुलीच्या ओठाला लावलं आणि लगेच आपली झाकलेली वाटी उघडली. आत मऊ भात आणि मुगाचं वरण होतं, कुस्करून, बिनमिठाचं. ते त्यांनी चमच्याच्या टोकानं भरवलं. मुलीनं तोंड वेडंवाकडं केलं, अर्धं बाहेर काढलं, अर्धं गिळलं.

"झालं उष्टावण," बाई म्हणाल्या. "आता कामाला लागू."

कामाला लागू म्हणजे काय, ते पुढच्या आठवड्यांत कळलं. आधी एकेक नवी गोष्ट आणि मध्ये काही दिवसांची वाट. काही अंगावर उठतंय का, पोट बिघडतंय का, ते बघायचं. गाजर झालं, दही झालं, सफरचंद झालं. मग एका सकाळी बाई डबा घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "आजपासून चिकन सॅलड."

आमच्या दोन्ही घरांत मासे-मटण चालायचं. पण दात न आलेल्या मुलीला कोंबडी, हे सासूबाईंनी कधी ऐकलं नव्हतं. आणि सॅलड? "त्याला पेज म्हणा, कालवण म्हणा," त्या म्हणाल्या. बाईंना ते मान्य नव्हतं. इस्पितळात त्यांना आजाऱ्यांच्या ताटाला नावं ठेवलेली चालत नसत. "माणूस लहान म्हणून त्याचं जेवण लहान नाही," त्या म्हणायच्या. "नाव असलेलं काहीतरी करायचं म्हटलं की करणारी नीट करते. गरगट म्हटलं की गरगटच होतं."

करायला ते अगदी सोपं होतं, आणि सोपं होतं म्हणूनच बाई त्यात कुठं काही सुटू देत नसत. मांडीचा तुकडा घ्यायचा, कारण त्यात लोह जास्त. तो नळाखाली धुवायचा नाही. यावरून सासूबाई आणि बाई यांचं पहिलं खरं भांडण झालं.

"न धुता? कोंबडी? शी!"

"नळाखाली धुतलीत की शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, तुमच्या पदरावर. तेच हात मग बाळाला. उकळतं पाणी धुतं, आजी. तुम्ही नका धुऊ."

तुकडा मंद आचेवर झाकून शिजवायचा. हाडाशी सुरी घालून बघायची. आत जरा जरी गुलाबी दिसलं, तरी परत पाण्यात. मग निवू द्यायचा आणि हातानं सोडवायचा. धागे आडवे चिरायचे, पुन्हा चिरायचे, आणि पाट्यावर रगडायचे. रगडण्याआधी सगळं मांस ताटात पसरून त्यावरून बोटं फिरवायची. कोंबडीचं बारीक हाड आणि कूर्चेचा तुकडा हे दोन बाईंचे शत्रू होते. त्यात घरी बांधलेल्या दह्याचा ताजा चक्का, वाफवून कुस्करलेलं सफरचंद आणि गाजर, आणि लागेल तेवढं कोंबडी शिजवलेलं पाणी. मीठ नाही, साखर नाही, मध तर वर्षाच्या आत मुळीच नाही. चमचा उलटा केला तर हळूच पडलं पाहिजे, आणि जिभेनं टाळूवर दाबलं तर विरलं पाहिजे. बाई स्वतः दाबून बघायच्या, डोळे मिटून.

नवऱ्यानं एकदा दिल्लीतल्या परदेशी मालाच्या दुकानातून मेयोनीजची बाटली आणली. ऑफिसच्या पार्टीत त्यानं खरं चिकन सॅलड खाल्लं होतं आणि त्याला वाटलं, चक्क्यापेक्षा हे ऑथेंटिक. बाईंनी बाटलीवरचं सगळं बारीक अक्षर वाचलं. "मीठ, साखर, व्हिनेगर. आणि जून महिन्यात हिनं ट्रकमधून प्रवास केला की नाही, ते इथं लिहिलेलं नाही. घरी केलंत तर त्यात कच्चं अंडं. तुम्ही खा, जावई. तुम्हाला दात आहेत."

आणि मुलगी खाईना.

भात खायची, गाजर खायची, पण कोंबडी जिभेला लागली की थुंकायची. एक दिवस, दुसरा दिवस, पूर्ण आठवडा. मी रडकुंडीला आले. सासूबाई म्हणाल्या, मांडीवर आडवी घेऊ आणि बोळ्यानं घालू, आमच्या वेळी असंच करायचे. त्यांच्या वेळची सगळी मुलं असंच खाऊन मोठी झाली होती. त्या वाईट मनानं बोलत नव्हत्या. बाईंनी मुलीला उचललं आणि भिंतीशी ताठ बसवलं.

"आडवं घेऊन कधीच नाही. घास श्वासात जातो. आणि तोंड तिचं आहे. आपण दार वाजवायचं, फोडायचं नाही."

त्या रोज दार वाजवायला येत राहिल्या. त्या हिवाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नव्हता. एकदा मी सकाळचं उरलेलं फ्रीजमध्ये ठेवलं आणि दुपारी मला कळलं की बराच वेळ लाइट नव्हती. वासाला चांगलं होतं. मी बाईंना तसं सांगितलं. "वासाला चांगलं असतं तेच घात करतं," त्या म्हणाल्या आणि वाटी केराच्या बादलीत पालथी केली. मुलीनं त्यातला एक कणही खाल्ला नव्हता, तरी रोज ताजं व्हायचं, रोज टाकलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा डबा घेऊन कोंबडीवाल्याकडे. मी एकदा विचारलं, "बाई, नाहीच खाल्लं तर?"

"तर उद्या."

मग एका दुपारी त्यांनी चमचाच आणला नाही. मुलीसमोर ताटलीत थोडं ठेवलं, स्वतःसमोर थोडं ठेवलं आणि पाठ भिंतीला टेकून खायला लागल्या. सावकाश, बोटांनी. मुलीकडे बघेनात. मलाही बघू देईनात. "माझ्याकडे बघ आणि काहीतरी बोल," त्या मला म्हणाल्या. काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून मी ग्रंथालयातल्या पुस्तकांना वाळवी लागली होती ते सांगितलं. बाई म्हणाल्या, कडुलिंबाचा पाला ठेवा. ते बोलणं चाललेलं असताना मुलीनं बाईंच्या ताटलीत हात घातला. स्वतःच्या नाही, बाईंच्या. मूठभर उचललं आणि तोंडात कोंबलं. गालांवर, नाकावर, डोळ्याच्या पापणीवर चक्का. मग पुन्हा हात घातला. मी उठायला लागले तशी बाईंनी माझं मनगट धरून ठेवलं. मुलगी आ करून हसली. जीभ स्वच्छ होती. सगळं पोटात गेलं होतं.

त्यानंतर ती खायला लागली. नवीन वर्षात डॉक्टरीणबाईंच्या काट्यावरचं वजन सरकलं, मग चांगलंच सरकलं. पापण्यांच्या आत रंग आला. आमच्या दोरीवर डागाळलेली लाळेरी वाळू लागली आणि बाई जाता-येता त्यांकडे नजर टाकून पुढे जाऊ लागल्या.

फेब्रुवारीत माझा भाऊ आला. त्यानं चांदीची वाटी आणली होती, चांदीचा चमचा आणला होता आणि बाळाच्या अन्नाच्या काचेच्या बरण्या. उष्टावण झालं म्हटल्यावर त्यानं बरण्या ओट्यावर ओळीनं मांडून ठेवल्या. मग जेवताना म्हणाला, "माझ्याशिवाय केलंत, ताई? थोडं थांबला नाहीत?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "तुझ्यासाठी थांबलो असतो, बाळा, तर तुला भाची भेटली असती, पण अशी नाही."

दाराशी बाई उभ्या होत्या, डबा घेऊन. त्यांनी ऐकलं होतं. भावाला त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, "मामा ना तुम्ही? हात धुऊन या. आज तुम्ही करा."

भाऊ ओट्यापाशी उभा राहिला. बाईंनी मांस सोडवून, बोटं फिरवून ताट त्याच्याकडे सरकवलं. "तुम्हीही एकदा फिरवा. सवय हवी." त्यानं फिरवली आणि थांबला. चिमटीत काहीतरी धरून उजेडाकडे नेलं. सुईसारखं बारीक हाड, नखाएवढंच.

बाईंनी ते त्याच्या हातातून घेतलं. तळहातावर ठेवलं, बोटानं चाचपलं. पुन्हा चाचपलं. डोळ्यांना दिसत होतं ते त्यांच्या बोटाला लागत नव्हतं. त्यांना साखरेचा आजार होता हे आम्हाला माहीत होतं. बोटांची जाणीव गेलीय हे त्यांनाही बहुधा त्याच क्षणी कळलं. सासूबाई चटकन म्हणाल्या, "असं होतंच हो एखादं, बाई. एवढं काय."

"एखादंच पुरतं, आजी."

त्यांनी हाड केरात टाकलं, ओट्यापासून बाजूला झाल्या आणि खुर्ची ओढून भिंतीशी बसल्या. त्या दिवसानंतर बाईंनी कुठल्याही बाळासाठी कोंबडी सोडवली नाही. शिकवली मात्र कितीजणींना, त्याला मोजमाप नाही. कानडी, बंगाली, पंजाबी, त्या वसाहतीत जी आई बाळ घेऊन आली तिला. खुर्चीत बसून, हात मांडीवर ठेवून.

पण त्या दिवशी भाऊ ताटापाशी गोंधळून उभा होता. आता रगडायला घ्यावं की नाही, त्याला कळत नव्हतं. मुलगी ताटली आपटत होती. बाईंनी मान वर केली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "थांबलात का? सगळं ताट पुन्हा बघा. सावकाश. तिला भूक लागलीय, पण ती थांबेल."